तुमी म्हनसान ते

मे महिना अर्धा उलटला होता आणि अमरावतीत पारा ४५ वर जाऊन बसला होता. आमच्या कूलरने गार हवा देणं केव्हाच सोडलं होतं, आता तो फक्त आवाज देत होता. बायको म्हणाली, "दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन येऊ. पण हॉटेल नको बापा. घरगुती काहीतरी पाहा."

'पाहा' म्हणायला किती वेळ लागतो? मी अकरा दिवस पाहत होतो. त्याच डोंगरातला गाविलगड इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ ला घेतला, तेव्हा वेढा पडून आठवडासुद्धा झाला नव्हता. अर्थात त्यांचा सेनापती वेल्स्ली, त्याच्या सोबत माझी आई नव्हती.

राज्याच्या पर्यटन विभागाची 'निवास व न्याहारी' म्हणून योजना आहे. घरमालकाने आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि सकाळी खायला घालायचं. मला वाटलं, निवास आणि न्याहारी, दोनच तर गोष्टी. पण आमच्या घरी कोणतीही गोष्ट दोनवर थांबत नाही. आईला गुडघ्यांमुळे कमोड हवा. मुलाला रेंज हवी. बायकोला स्वच्छ चादर हवी, आणि ती स्वच्छ आहे हे फोटोवरून कळायला हवं. मला फक्त सकाळचे पोहे हवे होते. अंगणात बसून, वरून शेव, सांबार, अर्धं लिंबू. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी डाळ समजून घाबरू नये.)

मोबाइलवर फोटो पाहायला लागलो. प्रत्येक पलंगावर टॉवेलाचा हंस. खोली कशीही असो, हंस असतोच. एका ठिकाणी तर खोली इतकी लहान होती की हंस दारात बसवून फोटो काढला होता. मग लोकांचे अभिप्राय वाचले. एकाने एकच तारा दिला होता, कारण दोन दिवस राहून अस्वल दिसलं नाही. त्याच्याच खाली दुसऱ्याने एक तारा दिला होता, कारण दिसलं. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यात चिखलदऱ्याभोवतीचा मेळघाट होता. तेव्हापासून तिथल्या जनावरांच्या वागणुकीची जबाबदारी घरमालकांवर आली असावी.

शेवटी चिखलदऱ्याच्या थोडं अलीकडे, एका खेड्यातलं घर सापडलं. कौलारू, पुढे अंगण, बाजूला दोन नव्या खोल्या. हंस होताच. फोन लावला.

"काका, बाथरूम खोलीतच आहे ना?"

"हाये ना भाऊ."

"संडास इंग्लिश आहे का? आईचे गुडघे दुखतात."

"इंग्लिशबी हाये, मराठीबी हाये. ज्याले जे जमते ते."

"आणि कूलर?"

"चिखलदऱ्याले कूलर कायले लागते? हाये, पन कायले लागते?"

त्यांचा मुद्दा बरोबर होता. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच, तिथे कॉफी पिकते. विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण म्हटलं की तेच. आता थंड म्हणजे किती, हे आम्ही विचारत नाही. ४५ मधून निघालेल्या माणसाला ३६ म्हणजे हिवाळाच. आईने तर स्वेटर काढून ठेवला होता.

"बरं, न्याहारीला काय असते?"

"तुमी म्हनसान ते."

"म्हणजे काय काय?"

"पोहे."

मला माणूस आवडला. मी म्हणालो, पक्कं करा. तर काका म्हणाले, "थांबा ना. तुमी कोन्या गावचे?"

"अमरावतीचे."

"ते तं तुमी राहता. गाव कोन्तं?"

"दर्यापूर."

"अन् बाईचं माहेर?"

खोली भाड्याने घेताना बायकोचं माहेर सांगावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं, पण मी सांगून बसलो. "अंजनगाव सुर्जी."

पलीकडे एकदम शांतता. रेंज गेली असं वाटून मी फोन हलवला.

"अंजनगावात कोन्या बाजूले?"

पुढची दहा मिनिटं मी फक्त 'हो' म्हणत होतो. काकांची साळी अंजनगावात दिलेली. तिचं घर माझ्या सासऱ्यांच्या गल्लीत. लहानपणी माझी बायको त्या घरी पापड लाटायला जायची आणि लाट्याच जास्त खायची, हेही त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. शेवटी काका म्हणाले, "म्हंजे तुमी आमचे जावाई झाले ना हो!" आणि फोन ठेवला. भाडं ठरलंच नाही.

मी आनंदाने घरात सांगितलं. चूक तिथेच झाली.

परतवाड्यापर्यंत आईने खिडकी धरली, घाटात पोटाशी पिशवी धरली. पोचलो तेव्हा अंगणात नागपूरची एक गाडी उभी होती. नवरा, बायको, दोन पोरं. बुकिंग नाही, फोन नाही, रस्त्यावरची पाटी पाहून आत आलेले. आणि आमच्या खोलीत, मी अकरा दिवस निवडलेल्या खोलीत, त्यांचं सामान लागत होतं. धाकट्या पोराने हंसाची मान धरून ओढली, त्याचा टॉवेल झाला.

"काका, आमची खोली?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "खोल्या गिऱ्हाइकाच्या हायेत. तुमी घरचे. तुमी घरात!"

घरात म्हणजे मधल्या खोलीत. आई आणि बायको काकूंच्या पलंगावर, मुलगा सतरंजीवर आणि जावई म्हणून मी खास बाजेवर, काकांच्या वडिलांच्या शेजारी. बाजेची सुतळी इतकी सैल होती की झोपल्यावर माझे पाय आणि डोकं समोरासमोर आले. आजोबांचं वय नव्वदीच्या घरात, पण घोरणं तिशीतलं. मधूनच थांबायचे आणि अंधारात विचारायचे, "झोपले काय जावाईबापू?" मी "हो" म्हणायचो. मग ते समाधानाने पुन्हा सुरू व्हायचे.

इंग्लिश संडास खोल्यांच्या बाजूला होता. तिथे नागपूरकरांचा साबण लागला होता. घरात मराठी. गिऱ्हाईक असतो तर भांडलो असतो. जावयाने कमोडवरून भांडण काढलं तर ते अंजनगावपर्यंत जातं. आई दोन दिवस नागपूरच्या बाईंची परवानगी घेऊन जात होती, आणि जाताना मुद्दाम लंगडत होती.

सकाळी अंगणात हळदीचा वास आला. नागपूरकर खुर्च्यांवर बसले होते आणि त्यांच्यासमोर पोहे आले. पिवळे, वाफाळते, वरून शेव, शेव संपते तिथे सांबार, कडेला लिंबाची फोड. शेंगदाणे असे टपोरे की लांबून मोजता यावेत. मी मोजले. अकरा दिवस मी ह्याच ताटलीच्या मागे होतो.

मी खुर्ची ओढली. काकूंनी आतून हाक मारली. "जावाईबापूले अंगनात कायले बसवता? आत पाट मांडला!"

सकाळचे आठ वाजले होते. पाटासमोर पुरणाची पोळी होती. आमच्याकडची, म्हणजे कणीक नावाला आणि पुरण बोटभर. शेजारी वाटीभर तूप, आणि वाटी म्हणजे ज्यात इतर लोक वरण घेतात ती. काकू पहाटे चारला उठल्या होत्या.

"काकू, मला पोहे चालले असते."

त्या हसल्या. "जावायाले कोनी पोहे देते काय? लोकं काय म्हनतीन!"

दोन पोळ्यांनंतर मी ताटावर हात धरला. काकूंनी हाताच्या फटीतून तिसरी सारली. चौथीच्या वेळी बाहेरून नागपूरकरांचा आवाज आला, "काका, पोहे अजून आहेत का हो?" होते.

त्या दिवशी भीमकुंड आणि देवी पॉइंट पाहायचे होते. मी बाजेवरून पाहिले.

निघताना पाकीट काढलं तर काकांचा चेहरा मी चाकू काढल्यासारखा झाला. शेवटी बायकोने तीन हजार रुपये त्यांच्या नातीच्या मुठीत कोंबले. लगेच काकूंनी बायकोला साडी नेसवली, आईला लुगडं दिलं, मुलाच्या खिशात पाचशे घातले आणि डिकीत दोन किलो खवा ठेवला. परतवाडा येईपर्यंत मी हिशेब लावत होतो. आपण नेमके किती उरवून आणले, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

परवा, पाऊस लागल्यावर, काकांचा फोन आला. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन अमरावतीला ठरलं आहे.

"सात जनं येऊन राहिलो, जावाईबापू. चार दिवस. संडास इंग्लिश हाये ना? बुढ्याचे गुडघे दुखतेत."

"आहे."

"अन् न्याहारीले काय असते?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको आधीच पोह्यांचा डबा हलवून पाहत होती.

"तुमी म्हनसान ते," मी म्हणालो.