"घोड्याला ऊन लागत नाही" ह्या फिरत्या मेसेजला माझं उत्तर

लग्नाचा सिझन आला की हा मेसेज परत फिरायला लागतो, ह्या वेळेस तर सोसायटीच्या, शाळेच्या, सासरच्या सगळ्याच ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय की बग्गीला आणि वरातीच्या घोडीला विरोध करणारे एसीत बसणारे लोक आहेत, घोडा कामासाठीच जन्मलाय, त्याला ऊन लागत नाही, उभ्याउभ्याच झोपतो म्हणून आराम लागत नाही, न्यूयॉर्कमधेही बग्ग्या चालतात, मुंबईत बंदी घालून फक्त गरिबाच्या पोटावर पाय दिला, आणि शेवटी महाराजांच्या घोडदळाचं नाव घेऊन "परंपरा वाचवा, दहा जणांना पाठवा". मी नाही पाठवला. ह्यातला पोटाचा मुद्दा सोडला तर बाकी सगळं चूक नाहीतर अर्धवट आहे, म्हणून एकेक घेते.

आधी ऊन, कारण आपल्या नागपुरात सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकला तर बातमी पण होत नाही. घोडा आपल्यासारखाच घाम गाळून अंग थंड करतो, आणि त्याचा घाम आपल्याहून खारट असतो, म्हणजे पाण्यासोबत मीठही भरभर जातं. एरवीच त्याला दिवसाला ३०-४० लिटर पाणी लागतं, उन्हात काम असलं की अजून जास्त. ते मिळालं नाही तर आतड्यातला चारा सुकून अडकतो, पोटात कळा सुरू होतात, घोड्याला उलटी करता येत नाही, आणि ह्या पोटदुखीनं धडधाकट घोडे मरतात. आता आपल्या वराती आठवा राजेहो. साडेअकराचा मुहूर्त, अन् साडेबारा वाजले तरी वरात लॉनच्या गेटवरच नाचतेय, नवरदेवाला मधेमधे थंड पाणी, कोल्ड्रिंक सगळं मिळतं, पण बग्गीच्या घोड्यासमोर कोणी बादली ठेवलेली मी तरी फार कमी वेळा पाहिली. खाली रोड सिमेंटचा, वरून तापलेला, पायात लोखंडी नाल, त्यामुळे पाय घसरतो आणि प्रत्येक पावलाचा दणका थेट सांध्यांना बसतो.

आणि हे काही एसीतल्या लोकांनी आज शोधून काढलेलं नाही. गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे नियम १९६५ पासून आहेत. पारा ३७ च्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जनावराला जुंपायचं नाही, दिवसभरात ९ तासांच्या वर काम नाही, सलग ५ तासांच्या वर नाही. म्हणजे आपल्या जवळजवळ अख्ख्या एप्रिल-मेला हा नियम लागू होतो! पण प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. वरातीत उधळलेल्या नोटा ह्याहून कितीतरी जास्त असतात, मग भीती कोणाला आणि काहून वाटावी?

तोंडातल्या लगामाबद्दल मेसेजमधे अवाक्षर नाही. मागच्या उन्हाळ्यात वर्धा रोडच्या एका लॉनबाहेर बग्गी उभी होती, फोटो काढायला जवळ गेले तर घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्यात फेस आणि त्यात गुलाबी रंग. त्याच्या मालकानंच लगाम थोडा बाजूला करून दाखवला, कडीला आतून टोकं होती, म्हणे ह्याच्याशिवाय डीजेसमोर आवरत नाही. हे खरंच आहे, घोडा आवाजाला घाबरून पळणारा प्राणी आहे, आपल्याला ऐकू न येणारे आवाजही त्याला ऐकू येतात, कानाशी संदलचा बाजा वाजतोय, पायाशी फटाक्यांची लडी फुटतेय, मग तो आवरणार कसा. पण त्यावर उपाय डीजे लांब ठेवणं हा आहे. टोकं असलेला लगाम त्याच १९६५ च्या नियमांत मना आहे.

उभ्यानं झोपतो हे अर्धंच खरं. पायाचे सांधे अडकवून तो उभ्या उभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं. जागा नसली, जमीन ओली असली, भीती वाटत असली तर तो आडवा होत नाही, आणि असे दिवस साचले की उभ्याउभ्याच गुडघ्यात कोसळतो. एक वरात संपली की दुसऱ्या टोकाला दुसरी, रात्री नाल्याकाठी दोन हात जागेत बांधलेला, त्याला आराम लागत नाही म्हणणं हा खोटेपणा आहे.

न्यूयॉर्कचं उदाहरण तर मेसेजवाल्यांनी द्यायलाच नको होतं. तिथे पारा ९० फॅरनहाइट, म्हणजे आपले साधारण ३२ अंश झाले की घोडे तबेल्यात परत. वर्षाला पाच आठवडे सुट्टी. इतकं असूनही २०२२ च्या ऑगस्टमधे रायडर नावाचा घोडा भर रस्त्यात कोसळला आणि तिथे बंदीचा जुना वाद पुन्हा पेटला. शिकागोनं तर २०२१ पासून बग्ग्या बंदच केल्या. ३२ चा नियम इथे लावला तर उन्हाळ्यात नागपुरात भर दिवसा एकही बग्गी निघणार नाही.

महाराजांचं नाव घेता तर त्यांचं १६७३ चं चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र वाचा. दाणा-वैरण आत्ताच मनाला येईल तशी उधळली तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यांनी आपल्याच लोकांना बजावलंय. दिव्याची वात उंदरानं नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथवर काळजी. परंपरा म्हणायची तर ही म्हणा.

आता पोटाचा मुद्दा, जो खरा आहे. मुंबई हायकोर्टानं जून २०१५ मधे व्हिक्टोरिया, म्हणजे मुंबईतल्या घोड्याच्या बग्ग्या, बेकायदा ठरवल्या, वर्षभरात बंद करायला सांगितल्या, पण त्याच निकालात सरकारला घोड्यांचं आणि ह्या कुटुंबांचं पुनर्वसन करायलाही सांगितलं होतं. बॅटरीवरच्या बग्ग्या रस्त्यावर आल्या त्या २०२१ मधे. मधली वर्षं लगाम धरणाऱ्या माणसानं कशी काढली असतील, ह्याचा मलाही राग येतो. पण तो राग सरकारच्या दिरंगाईवर काढायचा, त्यासाठी घोड्याला उन्हात जुंपायचं नाही. नागपुरात बग्गीवाले मोजकेच उरलेत, त्यांची नोंद आधी करा, बॅटरीच्या बग्गीसाठी कर्ज आधी द्या, पशुवैद्यकीय कॉलेज आपल्याच शहरात आहे तर घोड्यांची तपासणी आणि नालबंदाची सोय तिथून लावा, आणि मग बंदीचं बोला.

तोवर ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी बुकिंग करतानाच सांगून ठेवा, दुपारची वरात असेल तर घोडा नको, संध्याकाळची असेल तर पाण्याची बादली आमची, डीजे पन्नास पावलं पुढे, फटाके नाहीत, आणि पैसे देण्याआधी लगाम बघणार.