जुन्या गेमिंग लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलण्याबाबत खुलासा

‘पाच-सहा वर्षे जुन्या गेमिंग लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलून घ्या, तो नव्यासारखा चालेल’ असा संदेश नाशिकमधील विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. बहुतांश लॅपटॉपच्या बाबतीत हा दावा चुकीचा आहे. त्या काळातील ‘जीटीएक्स १६५०’सारखी ग्राफिक्स चिप सहसा मदरबोर्डवरच (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट पट्टीवर) सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की जोडलेली असते, आणि तिच्या जागी अधिक ताकदीची चिप बसवू म्हटले तरी वीजपुरवठा, बायोस (लॅपटॉप सुरू होताना हार्डवेअर ओळखणारे मूळ सॉफ्टवेअर) आणि उष्णता बाहेर टाकण्याची मूळ रचना या तिन्ही गोष्टी आड येतात. प्रोसेसरचेही बहुधा तेच.

बदलता येतात ते रॅम (तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क), तेही मॉडेल तपासूनच. रॅमच्या डीडीआर४ या पिढीच्या खाचेत त्यापुढची डीडीआर५ बसत नाही. ८ जीबीची एकच रॅम पट्टी असलेल्या लॅपटॉपमध्ये तशाच वेगाची दुसरी पट्टी लावल्यास ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणे) सुरू होते आणि अनेक गेममधील अडखळणे कमी होते. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतल्यास गेम लवकर उघडतो. फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) मात्र जवळपास तेवढाच राहतो, हे ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते.

खरे तर पहिला खर्च सफाईवर करावा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा पंख्यात धूळ साचलेला आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेला लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो. बॅटरी फुगली असेल, तर ती बदलेपर्यंत लॅपटॉप वापरू नये.