ख्रिसमस ट्री विकणाऱ्या मुलाचं स्थळ

सगळ्यात आधी, दिवाळी होऊन जाण्याची वाट पाहत बसू नका. हॉलमार्क या अमेरिकन टीव्ही चॅनेलवरचा नाताळच्या प्रेमपटांचा मोसम कुणासाठी थांबत नाही. 2022 साली तो 21 ऑक्टोबरला सुरू झाला. त्या दिवशी आपली वसुबारस होती. म्हणजे इकडे न्यू जर्सीत तुम्ही गाय-वासराचा फोटो चार ग्रुपांवर फॉरवर्ड करून पुण्य पदरात पाडून घेत होतात, तेव्हा टीव्हीवर बर्फ पडायला लागला होता. शेजाऱ्यांच्या पायरीवर अजून हॅलोविनचे भोपळेही कुजले नव्हते. इतक्या लवकर कशाला, असं विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपलं मराठी मंडळ ज्या शनिवारी शाळेचा हॉल स्वस्तात मिळेल त्या शनिवारी दिवाळी करतं, आणि आपण झब्बे घालून जातोच की. फायदाही बघा: दिवाळीला लावलेल्या दिव्यांच्या माळा आता उतरवायला नकोत. आकाशकंदील तेवढा आत घ्या. तोही नाही घेतलात तरी समोरची बाई ‘काय सुंदर स्टार आहे’ असंच म्हणेल.

दुसरं, हे सिनेमे आपण बघतो असं कुणालाही सांगू नका. ‘टीव्ही नुसता लागलेला असतो’ असं म्हणायचं. आमच्या घरात ही कला नवऱ्याला उत्तम साधली आहे. तो हातात लॅपटॉप घेऊन दारात उभा राहतो, ‘काय हे बघता’ असं म्हणतो आणि पुढचा दीड तास उभ्यानेच बघतो. उभ्याने बघितलेलं मोजत नाहीत. अर्थात वरून कोणीतरी मोजत असतं. 2017 च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने जाहीर ट्विट केलं होतं, की आमचा नाताळचा एक सिनेमा 53 जणांनी सलग 18 दिवस रोज पाहिलाय. बाबांनो, तुम्हाला एवढं कोणी दुखावलं? लोक खवळले, आमच्यावर पाळत ठेवता म्हणून. मला वाईट वाटलं ते त्या 53 जणांसाठी. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी काय केलं असेल?

आता तयारी. 2019 मध्ये हॉलमार्कने एका मोसमात 40 नवे सिनेमे दाखवले. दोन तासांचा एक धरला तर 80 तास. आकड्याला घाबरू नका. आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताह 168 तास चालतो आणि त्यात जाहिरातीसुद्धा नसतात. शिवाय इथे मध्येच आलात तरी काही बिघडत नाही. हे चॅनेल ज्यांचं, ती मूळची शुभेच्छापत्रांची कंपनी आहे, कॅन्सस सिटीची, 1910 पासूनची. त्यांचे सिनेमेही शुभेच्छापत्रासारखेच असतात: वर बर्फाळलेल्या घराचं चित्र, आत आधीच छापलेला मजकूर. खाली नावं तेवढी बदलायची.

मजकूर असा. नायिका न्यूयॉर्कला मोठ्या हुद्द्यावर असते. तिला कामासाठी एका लहानशा गावात पाठवतात, बहुधा तिथलं जुनं हॉटेल नाहीतर बेकरी विकायला. गाव तिचंच निघतं. गावात चौकड्यांच्या शर्टातला एक मुलगा असतो. तो एक तर विधुर असतो, नाहीतर एखाद्या छोट्या देशाचा राजपुत्र असतो आणि ते त्याने लपवलेलं असतं. विधुर असला तर सात-आठ वर्षांची मुलगी असते, गावात सगळ्यात शहाणी तीच. सिनेमा जाहिराती वगळून दीड तासाच्या आतच आटोपतो, त्याचे नऊ तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी अडतं. या वेळापत्रकावर निर्धास्त स्वयंपाक करा. आठला सिनेमा लागला की कणीक भिजवा. नऊच्या सुमारास दोघांचे चेहरे जवळ येतील आणि नेमका ओव्हनचा टायमर वाजेल. तेव्हा कुकर लावा. साडेनऊला गैरसमज होतो, तोवर भाजी टाकलेली असावी. खरं चुंबन दहाला पाच कमी असताना, तेही बर्फ पडायला लागल्यावरच. आमच्या कुकरच्या शिट्ट्या चुकतात, हे चुकत नाही.

बर्फाकडे मात्र निरखून बघू नका. यातले पुष्कळसे सिनेमे कॅनडात, व्हँकुव्हरच्या आसपास, भर उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत उरकतात. बर्फ म्हणजे फेस, कागदाचा चुरा आणि गवतावर अंथरलेली पांढरी कापडं. लोकरीचा कोट, मफलर, हातमोजे घातलेली ती नायिका थंडीने कुडकुडत नसते, घाम दिसू नये म्हणून धडपडत असते. मागे रस्त्याकडेची झाडं हिरवीगार. कोकोचा कप ती अशा सहजतेने हलवते, की आत थेंबभरही काही नाही हे आंधळ्यालाही कळावं. हे सगळं दिसायला लागलं की तुम्ही जाणकार झालात असं समजा. मग बघण्यात काही राम उरत नाही. म्हणून चष्मा काढून बसा.

आता सर्वांत महत्त्वाचा सल्ला: हे सिनेमे आईबरोबर बघू नका.

माझी आई गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी आली. तिला इंग्रजी बेताचं कळतं, आणि या सिनेमांना तेवढंही लागत नाही. पहिल्या जाहिरातीतच तिने विचारलं, “मुलगा काय करतो?”

“झाडं विकतो. ख्रिसमसची.”

“आणि जानेवारीत?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवातल्या एकाही तुकड्यात ते देत नाहीत. असं झाड विकण्याजोगं व्हायला सात-आठ वर्षं तरी लागतात, हे मी तिला सांगितलंच नाही. तिने तिथेच पत्रिका परत केली असती.

“आणि तो दुसरा, सुटातला?”

दुसरा म्हणजे न्यूयॉर्कचा. प्रत्येक सिनेमात हा असतोच, नायिकेने सोडून द्यावा म्हणून खास नेमलेला. “तो वकील आहे. मॅनहॅटनमध्ये स्वतःचा फ्लॅट.”

“पितो?”

“पहिल्या सीनमध्ये एक ग्लास वाइन घेतली.”

“मग याच्यात खोट काय?”

“फोनवर फार असतो.”

आईने दाराकडे पाहिलं. दारात नवरा कानात यंत्र अडकवून मीटिंगमध्ये म्यूटवर उभा होता. “त्यावरून मोडायची म्हटली,” ती म्हणाली, “तर मग बघायलाच नको.”

तेव्हापासून आमच्या घरी हे सिनेमे उलटे बघितले जातात. आई सुटातल्याच्या बाजूने. त्याचं काहीच चुकलेलं नसतं हे एकदा डोक्यात आलं, की मग बघणं अवघड होतं. बिचारा कामात असतो, इतकंच. त्याला झाडाखालचं गाणं येत नाही आणि बिस्किटांवर साखरेचं नक्षीकाम करायला तो बसत नाही. आमच्या ओळखीतल्या एकाही मुलाला हे येत नाही आणि त्या सगळ्यांची लग्नं झाली आहेत.

आणखी एक धोका, तो आधीच सांगून ठेवते. नायिका गावी परत जायचं ठरवते ना, ते तीन दिवसांत. नोकरी एका फोनवर सोडते. न्यूयॉर्कच्या भाड्याच्या कराराचं काय, विम्याचं काय, कोणी विचारत नाही. तिची आई दारात उभी असते, हाताला पीठ लागलेलं, आणि वीस वर्षं न उघडलेली खोली जशीच्या तशी. इथपर्यंत आलो की आमच्या खोलीत कुणी काही बोलत नाही. ‘दोन वर्षांत परत येतो’ असं सांगून आम्ही आलो त्याला सतरा वर्षं झाली. पुण्यातल्या माझ्या खोलीत आता भावाचं ट्रेडमिल आहे आणि ट्रेडमिलवर वाळत घातलेले कपडे. अशा वेळी पटकन चॅनेल बदला. रिमोट आईच्या हातात असेल तर चहा करायला उठा.

मी उठले. परत आले तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. सुटातला न्यूयॉर्कहून एकटा गाडी चालवत आला होता, खिशात अंगठी घेऊन. नायिकेने त्याला अंगणातच गाठलं, तू चांगला आहेस पण, असं म्हणाली, आणि चार मिनिटांत वाटेला लावलं.

“चहा तरी विचारायचा,” आई म्हणाली.

पुढे ते सगळं झालं. चौकात झाडाचे दिवे लागले, छोट्या मुलीने टाळ्या पिटल्या, दहाला पाच कमी असताना कागदाचा चुरा पडायला लागला. नवरा दारातून सोफ्याच्या कडेपर्यंत आला होता. मी डोळ्यांत काही गेल्यासारखं केलं. नावं वर सरकायला लागली, पुढच्या सिनेमाची जाहिरात सुरू झाली, तरी आई टीव्हीकडेच बघत होती.

“अगं,” ती म्हणाली, “एवढ्या बर्फातून रात्रीचा गेला तो. पोचल्याचा फोन आला का त्याचा?”