हे अर्पण नव्हतं

दफनविधीहून आत्ताच आलेय. नखांतली माती अजून निघालेली नाही. पण हे आधी लिहून टाकते, नाहीतर रात्री झोप यायची नाही.

19 वर्षांचा मुलगा. एकुलता एक. डेंग्यूनं चार दिवसांत गेला. पेटी उतरवली, मूठमूठ माती टाकून झाली, बायका त्याच्या आईला धरून मागं नेत होत्या. तेवढ्यात आमच्या चर्चच्या मंडळीतले एक ज्येष्ठ गृहस्थ पुढं आले आणि म्हणाले, "बाई, अब्राहामाकडं बघा. सगळ्यांत प्रिय असतं तेच देव मागतो. तुमचा जीव फार होता त्याच्यात." 'फार'वर जोर. ती नुसती बघत राहिली. दोघीतिघी "आमेन" म्हणाल्या. मी गप्प बसले, आणि खरं सांगू का, राग त्याचाच जास्त येतोय.

अहो, अब्राहामाकडं बघायचं तर पुरतं बघा ना! देवानं मागितला म्हणून मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला त्यानं सुरा उचलला तेव्हा वरून हाक आली, मुलावर हात टाकू नकोस. झुडपात शिंगं अडकलेला एडका सापडला. इसहाक वाचला! ज्या बाईचा इसहाक आत्ता मातीखाली गेलाय तिला ही गोष्ट सांगायला जीभ रेटते कशी? आणि इसहाकाच्या आईला, सारेला, त्या दिवशी कोणी विचारलं होतं का? बायबलमधल्या उत्पत्तीचा 22वा अध्याय उघडा, तिचं नावसुद्धा नाही. 23व्यात थेट तिचं मरण. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं तरी काय वेगळं? 1895 ला बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्तासाठी सगळं सोडलं, थोर माणूस, वादच नाही. पण त्या 'सगळ्यात' बायको लक्ष्मीबाई होत्या, मुलगा दत्तू होता. नवऱ्यापासून दूर पाच वर्षं त्या माउलीनं कशी काढली! अर्पण करणार एक आणि मोजणार दुसरंच कोणी.

अर्पण मी आमच्या घरात बघितलंय. 1989. दादाला नगरमध्ये बँकेत नोकरी लागलेली, ऑर्डर कपाटात. एका रात्री जेवताना तो म्हणाला, मी सेवेला जातोय, नंदुरबारकडं, पाड्यांवर. आई ताटावरून उठली. तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी रविवार होता. अर्पणाची थैली आमच्या बाकाशी आली, आईनं नेहमीचे दोन रुपये टाकले आणि हात थैलीतच ठेवला. थैली धरणारा पोरगा अवघडून माझ्याकडं बघायला लागला. मग तिनं हात काढला आणि मला म्हणाली, "दिला." बस्स.

याला म्हणतात अर्पण. तिच्या मुठीत होता, तिनं मूठ उघडली. नाही म्हणायची मुभा होती. तीन दिवस ती नाहीच म्हणत होती की! आजच्या बाईला कोणी विचारलं? तिच्याकडून गेलं त्याला अर्पण म्हणायचं म्हणजे खिसा मारलेल्या माणसाला दानशूर म्हणून हार घालायचा.

सगळी मुलं गमावलेल्या ईयोबाचं वचन माहितीय मला. परमेश्वरानं दिलं, परमेश्वरानं नेलं. मान्य. पण ते तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला. त्याला शिकवायला आलेल्या मित्रांना देवानं शेवटी काय सुनावलं, तेही वाचा. आणि पंडिता रमाबाईंचं नाव खाली कोणीतरी टाकणारच, म्हणून मीच टाकते. 1921 मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, तरी केडगावात बाईंचं बायबलच्या भाषांतराचं काम सुरूच होतं; 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. ती श्रद्धा मला या जन्मी जमायची नाही, कबूल. पण ती त्यांची होती, दुसऱ्या कोणी त्यांच्या डोक्यावर लादलेली नव्हती.

आणि दिलं म्हणजे माया कमी करायची, हे कुठून आलं? हन्नानं शमुवेलाला दूध तुटल्याबरोबर देवळातल्या एली याजकाच्या हवाली केलं. नवसाचं पोर. पण त्यानंतर दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा करून न्यायची. शास्त्रात लिहिलंय हे! माप अंदाजानंच वाढवत असणार बिचारी. आमची आई नाताळाआधी दादाचा शेवटचा फोटो समोर ठेवून स्वेटर विणायची. "वाळलाय गं, चार टाके कमी घालते," असं पुटपुटत. मग करंज्यांचा डबा त्या स्वेटरमध्ये गुंडाळून एस.टी.च्या पार्सलला. 'दिलेल्या' मुलाला हं.

त्या गृहस्थांची स्वतःची मुलगी गेलीय, बरीच वर्षं झाली. हे आत्ता लिहिता लिहिता आठवलं. तेव्हा त्यांनाही कोणीतरी असंच सांगितलं असेल, आणि तेवढंच धरून ते उभे राहिले असतील. राग थोडा उतरला. थोडाच.

मध्येच आईचा फोन आला. 81 ची आहे, ऐकू कमी येतं, ओरडून ओरडून सगळं सांगितलं. मला वाटलं एखादं वचन देईल. ती म्हणाली, "जेवली का ती?"

मला माहीत नव्हतं. कुकर लावलाय, पिठलं टाकते आणि डबा घेऊन जाते. कमेंट उद्या बघेन.