टाकी मोडीत काढायच्या आधी

सध्या एक दावा जोरात फिरतोय: लाटांची समीकरणं माहीत आहेत, कम्प्युटर बलाढ्य झालेत, तेव्हा समुद्रातल्या प्लॅटफॉर्मची छोटी प्रतिकृती वेव्ह टँकमध्ये, म्हणजे कृत्रिम लाटा उठवणाऱ्या टाकीत, भिजवत बसणं म्हणजे जुनाट खर्च. मी स्वतः दिवसभर सिम्युलेशनच चालवतो, त्यामुळे ऐकायला गोड वाटतं. पटत मात्र नाही.

‘समीकरणं माहीत आहेत.’ आहेत की! पण जशीच्या तशी सोडवतं कोण? अवाढव्य स्ट्रक्चर असेल तर बहुतेक वेळा पाण्याची श्यानता (चिकटपणा) सरळ सोडून देतात. बारीक खांब असेल तर 1950 सालचं मॉरिसन समीकरण, म्हणजे खांबावरचं लाटेचं बल काढायचं सूत्र. त्यातले ड्रॅगचा (पाण्याच्या रोधाचा) आणि जडत्वाचा असे दोन्ही गुणांक येतात प्रयोगांतून. म्हणजे जी टाकी मोडीत काढायची, तिचेच आकडे पोटात घेऊन हे गणित चालतं.

‘मग पूर्ण सीएफडी करा (पाण्याचा प्रवाह कम्प्युटरवर सोडवा), मेश (हिशेबासाठी पाण्याची पाडलेली घरं) बारीक करा.’ जरा हिशेब मांडू. तिन्ही दिशांनी घरं निम्मी केली की त्यांची संख्या 8 पट होते, टाइम स्टेपही (हिशेबातलं वेळेचं एक पाऊल) निम्मी करावी लागते. काम झालं 16 पट. वादळाची तपासणी साधारण 3 तासांच्या समुद्रावर होते. 12 सेकंदांना एक लाट धरली तर 900 लाटा, आणि स्टेप 0.01 सेकंदाची असेल तर 10 लाखांहून जास्त स्टेप्स. हे झालं एका वादळाचं; टोकाची लाट गाठायला अशी कितीतरी चालवावी लागतात. 1:50 च्या प्रतिकृतीवर टाकीत तेच 3 तास पंचवीस मिनिटांत उरकतात.

‘व्हिडिओत लाट हुबेहूब दिसते.’ दिसणारच. आता प्लॅटफॉर्म काढा आणि तीच लाट रिकाम्या पाण्यात सोडा. मेश जाडीभरडी असेल तर काही तरंगलांब्या पुढे जाईपर्यंत तिचा माथा गुपचूप खाली बसलेला सापडेल, आणि तोही निव्वळ आकडेमोडीच्या घर्षणाने. खांबावरचं बल कमी आलं ते डिझाइन झकास म्हणून नव्हे, लाट वाटेतच दमली म्हणून. ही रिकामी रन न दाखवणाऱ्याचे व्हिडिओ मी बघत नाही.

‘प्रतिकृतीही खोटंच बोलते.’ हे मात्र कबूल. 1:50 ला फ्राउड अंक (जडत्व आणि गुरुत्वाचं नातं) जपला की रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि श्यानतेचं नातं) सुमारे 350 पट घसरतो आणि ड्रॅग बिघडतो. फुटत्या लाटेत कोंडलेली हवाही त्या प्रमाणात लहान होऊन वागत नाही. तिथे पूर्ण आकाराचं सिम्युलेशनच कामी येतं.

‘टाकी नवीन काही सांगत नाही.’ नॉर्वेच्या प्लॅटफॉर्मच्या प्रतिकृतींवर उंच, तीव्र चढाची लाट निघून गेल्यावर स्ट्रक्चर घंटेसारखं थरथरत राहताना दिसलं. त्याला ‘रिंगिंग’ म्हणतात. नेहमीच्या रेषीय (लाट दुप्पट तर बल दुप्पट धरणाऱ्या) गणितात त्याचा मागमूस नव्हता. फाल्टिनसेन, न्यूमन आणि विन्ये यांनी त्याचा सिद्धान्त मांडला तो 1995 मध्ये, टाकीत थरथर दिसून गेल्यानंतर.