डिस्चार्ज बुकातली मेडलची नोंद : माढ्याच्या सुभेदारसाहेबांना उत्तर

सुभेदारसाहेब, जय हिंद.

डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी फौजीला मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तकात, मेडलची नोंद राहून गेली असेल तर रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटचे सेवा-कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाला, कसं लिहावं, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. उत्तर लांबणार, म्हणून वेगळं लिहितोय. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं मुख्य वाक्य इथे देतो : "छातीवर मेडल आहे, घरात फोटो आहे, मग आणखी पुरावा कसला मागता? खुर्चीत बसून फौजीला कागद नाचवायला लावायची ही तुमची बाबूगिरी." पुढे तुम्ही म्हणता की मेडलचं सगळ्या पलटणीला माहीत आहे, हे काम सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानेच करावं, म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही, वीरपत्नींबद्दल लेखात ओळ नाही, आणि पेन्शन नसलेल्यांचे कागद तर कधीच नष्ट झालेत.

आधी 'बाबूगिरी'चं बोलू. तुम्ही वयाने मोठे, पलटणीत राहिलेले, तुमचा मान आहेच. पण मीही रेकॉर्ड ऑफिसात डॉक्युमेंट्सच्या टेबलावर क्लर्क म्हणून उमेदीची वर्षं काढली आहेत, शीट रोल, म्हणजे जवानाच्या सेवेचा मूळ नोंदपत्रक, मला नुसता ऐकून माहीत आहे असं नाही. जो माणूस मोबदला न घेता लोकांना अर्ज लिहून देतो, त्याला खुर्चीतला बाबू म्हणण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता. तुम्ही तो वाचलेला दिसत नाही. पुरावा मी मागत नाही, रेकॉर्ड ऑफिस मागतं, आणि ते का मागतं हे लेखात स्पष्ट लिहिलं होतं. पुन्हा लिहितो.

फोटोतून इतकंच कळतं की त्या दिवशी छातीवर ती रिबन होती. रिबन बाजारात मिळते, मेडलची नक्कलही मिळते. अस्सल मेडल यायला वर्षं लागायची, म्हणून कित्येकांनी परेडसाठी नक्कल विकत घेतली. त्यात गैर काही नाही, पण नक्कल म्हणजे मंजुरी नव्हे. मेडल उजेडात धरून त्याची कड बघा. सरकारकडून आलेल्या मेडलच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं, बाजारातल्या नकलेची कड कोरी असते. कडेवर तुमचा नंबर असेल तर त्या कडेचा जवळून काढलेला, अक्षरं वाचता येतील असा फोटो अर्जाला जोडा. वर्दीतल्या फोटोपेक्षा तो कितीतरी उपयोगी पडतो. शेतात उभं राहून काढलेल्या फोटोवरून सातबाऱ्याला नाव लागत नाही, फेरफारच लागतो, तसंच हे आहे.

इथला फेरफार म्हणजे पार्ट टू ऑर्डर. पोस्टिंग, बढती, लग्न, मूल, मेडल, प्रत्येक गोष्टीची ऑर्डर युनिट काढतं, तिला क्रमांक आणि तारीख असते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्यावरून शीट रोलमध्ये नोंद चढते. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुक भरतात ते या शीट रोलवरून. त्यामुळे बुकात मेडल नाही याचे दोन अर्थ होतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. शीट रोलमध्ये नोंद आहे पण बुकात उतरवायची राहिली, तर काम सोपं आहे : रेकॉर्ड ऑफिस स्वतःच्या कागदावरून बुक दुरुस्त करतं किंवा तसं प्रमाणपत्र देतं. शीट रोलमध्येच नोंद नसेल, तर मेडलचा हक्कच नव्याने सिद्ध करावा लागतो. कुठल्या युनिटबरोबर, कुठल्या भागात, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत होतो, हे सांगावं लागतं. लोक पहिल्याच पत्रात "माझी सगळी मेडलं चढवा" असं लिहितात. मग "आमच्या नोंदीत आढळत नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं आणि माणूस चिडतो.

म्हणून पहिलं पत्र मागणीचं नको, माहितीचं हवं. माझ्या शीट रोलमध्ये कोणत्या मेडलांची नोंद आहे, त्यांच्या पार्ट टू ऑर्डरचे क्रमांक आणि तारखा काय, माझी पोस्टिंगं कोणती, एवढंच विचारायचं. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) आणि माजी सैनिक ओळखपत्राची झेरॉक्स. मूळ बुक पाठवायचं नाही. दुरुस्तीसाठी त्यांनी लेखी मागितलं तरच पाठवायचं, तेही स्पीड पोस्टाने आणि साक्षांकित प्रत घरी ठेवून. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डरने चालते, मुदत 30 दिवस. त्यातही "मला मेडल का दिलं नाही?" असं विचारू नये, "अमुक नोंदीची प्रत द्या" असं विचारावं. माहिती अधिकारातून प्रत मिळते, दुरुस्ती होत नाही. दुरुस्तीचा अर्ज त्या प्रतीच्या आधारे नंतर वेगळा करायचा.

नोंद का सुटते, याची कारणं टेबलावर रोज दिसायची. जवान युनिट सोडून गेला आणि मागून मेडलचा क्लेम गेला, त्यात याचं नाव नाही. दुसऱ्या युनिटला नुसता अटॅच होता, मूळ युनिटला वाटलं ते पाठवतील, त्यांना वाटलं मूळ युनिट पाठवेल. आणि सुभेदारसाहेब, हे खास तुमच्यासाठी : नायब सुभेदार झाल्यावर नंबर बदलून जेसीचा, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्याचा, होतो. त्याआधीच्या मेडलांची ऑर्डर जुन्या नंबरावर निघालेली असते. अर्जात फक्त जेसी नंबर लिहिला तर शोधणाऱ्याला जुना कागद सापडत नाही. दोन्ही नंबर लिहा. नावाचं इंग्रजी स्पेलिंगही बुकात जसं आहे तसंच लिहा, आधारवर काहीही असो. एकाच रेजिमेंटमध्ये शिंदे, जाधव, पवार किती असतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता "पलटणीला माहीत आहे" म्हणता, ते घेऊ. 1971 च्या लढाईचं संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या जवळजवळ सगळ्यांना मिळालं. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार मात्र त्या त्या आघाडीवर प्रत्यक्ष असलेल्यांना. आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढलेल्या पहिल्या मराठा पलटणीतला जवान पूर्वी स्टारचा हक्कदार, पण त्याच पलटणीचा जो माणूस त्या वेळी बेळगावला रेजिमेंटच्या प्रशिक्षण सेंटरवर होता, तो नाही. पलटणीचं नाव सारखं, हक्क वेगळा. 1965 चं रक्षा मेडल आणि समर सेवा स्टार यांतही असाच फरक. सैन्य सेवा मेडलला ठरवून दिलेल्या भागातली एकूण एक वर्षाची सेवा लागते, आणि ती तुकड्या-तुकड्यांत झाली असेल तर बेरीज पोस्टिंगच्या तारखांवरूनच होते. सोबत्यांची आठवण कितीही खरी असली तरी तिच्यावरून दिवस मोजता येत नाहीत.

शौर्यपदकांचं वेगळं आहे, तिथे काम उलट सोपं जातं, कारण ती राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने भारताच्या राजपत्रात छापली जातात. राजपत्राची तारीख आणि पान मिळालं की कुणी नाही म्हणू शकत नाही. फक्त सेना मेडल शौर्याचं की विशेष सेवेचं, हे नीट वाचून घ्या. शौर्याच्या सेना मेडलला 1 ऑगस्ट 2017 पासून महिना 2,000 रुपये भत्ता आहे, दुसऱ्याला नाही. नोंद राहिली तर इथे खऱ्या पैशाचं नुकसान होतं, म्हणून मी कागदाचा इतका आग्रह धरतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य सरकारचं आहे. शीट रोल त्यांच्याकडे नसतो, त्यामुळे दुरुस्तीही त्यांच्या हातात नाही. अर्ज लिहायला मदत, साक्षांकन, पत्र पुढे पाठवणं, हे त्यांच्याकडून जरूर घ्या. त्यांच्या दारात बसून "तुम्हीच करा" म्हटलं तर तुमचाच वेळ जाईल.

पेन्शन नसलेल्यांचा मुद्दा रास्त आहे, हे मान्य करतो. त्यांचे सेवा-कागद 25 वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. लाँग रोलमधली, म्हणजे भरतीच्या नोंदवहीतली, नोंद उरते, तिची प्रत मागावी. वीरपत्नींनी अर्ज स्वतःच्या नावाने करावा, मृत्यू प्रमाणपत्र आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ जोडावा, बाकी रीत तीच. वयाबद्दल म्हणाल तर पत्र नातवाकडून लिहून घेता येतं, सही तेवढी स्वतःची लागते. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं मला दिसत नाही.

तुमचं रेजिमेंट तुम्ही लिहिलेलं नाही. मराठा असाल तर पत्र बेळगावला, महार असाल तर मध्य प्रदेशात सागरला, तोफखाना असेल तर नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्स असाल तर खडकीला. नंबर इथे उघड्यावर टाकू नका. डिस्चार्ज बुकातलं मेडलांचं पान आणि पोस्टिंगचं पान झेरॉक्स करून ठेवा, पहिल्या पत्राचा मसुदा मी लिहून देतो. शेवटी रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे, पण अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, त्यामुळे त्यांच्याकडून आलेलं पाकीटसुद्धा टाकून देऊ नका, शिक्क्यावरची तारीख लागते.