व्ही १२ म्हणजे नेमकी कुठली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

न्यूकच्या (चित्रपटाच्या शॉटमधली वेगवेगळी चित्रं एकत्र जोडायच्या सॉफ्टवेअरच्या) स्क्रिप्ट, म्हणजे शॉटच्या कामाच्या फायली, कशा सेव्ह कराव्यात या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि चांगलं खरमरीत लिहिलंत. त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दर अर्ध्या तासाला नवी व्हर्जन काढा हा सल्ला म्हणजे निव्वळ जुनी सवय, त्यानं तुमच्या एका शॉटच्या फोल्डरमध्ये साठ फायली झाल्या आणि कशात काय आहे ते तुम्हालाच कळेना, शिवाय ऑटोसेव्ह आणि गिट (फायलींमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन) हाताशी असताना हा खटाटोप कशाला?

साठ फायलींबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. घड्याळ बघून काढलेल्या व्हर्जनला काही अर्थ नसतो. लेखातलं ते वाक्य मी आज काढून टाकलं. मी स्वतः नंबर वाढवतो तो दोनच वेळी. रेंडर फार्मला (अंतिम फ्रेम तयार करणाऱ्या मशीनच्या ताफ्याला) शॉट पाठवला की त्याच क्षणी ऑल्ट-शिफ्ट-एस (नव्या नंबरनं सेव्ह), म्हणजे जी स्क्रिप्ट रेंडरला गेली तिला पुन्हा हात लागत नाही. आणि चालू सेटअप मोडून वेगळा रस्ता धरायचा असेल तेव्हा, मोडण्याआधी. बाकी दिवसभर साधं कंट्रोल-एस. हेच लेखात लिहायला हवं होतं.

ऑटोसेव्हवर मात्र एवढी भिस्त ठेवू नका. मूळ सेटिंगमध्ये न्यूक हात थांबल्यावर पाच सेकंदांनी, आणि हात थांबलाच नाही तरी तीस सेकंदांनी ऑटोसेव्ह लिहितं. क्रॅश झाल्यावर ते देवासारखं धावून येतं, मान्य. पण ती फाइल मूळ स्क्रिप्टच्या शेजारी, त्याच डिस्कवर असते. काही वर्षांपूर्वी एका स्टुडिओत रात्री पावणेदोनला मी निळ्या पडद्यासमोरच्या शॉटमध्ये ओल्या केसांची की (निळा पडदा वगळून केस वेगळे काढणं) सोडवत बसलो होतो. सर्व्हरवरची जागा संपली होती आणि मला पत्ता नव्हता. सेव्ह केलं, न्यूक बंद झालं, परत उघडायला गेलो तर व्ही ०९ शून्य बाइटची. ऑटोसेव्हही रिकामी. व्ही ०९ काढल्यापासून व्ही ०८ला कुणी हात लावला नव्हता, म्हणून ती जशीच्या तशी होती. केसांच्या कडांचं दोन-अडीच तासांचं काम गेलं, आठवड्याचं वाचलं.

गिटनंही वाचवलं असतं, असं तुम्ही म्हणाल. कमिट करून (बदल नोंदवून) दुसऱ्या मशीनवर पुश केलं (पाठवलं) असतं तर, नक्की. एनके, म्हणजे न्यूकची स्क्रिप्ट फाइल, साध्या टेक्स्टची असते, त्यामुळे गिट तिला आनंदानं सांभाळतं. अडचण आहे ती तिच्या आतल्या रचनेत. एखादी एनके टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. कुठला नोड (कामाची एक पायरी) कुठल्या नोडला जोडलाय हे तिथे नावानं लिहिलेलं नसतं. सगळा कारभार स्टॅकवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चळतीवर, चालतो: नोड आपले इनपुट स्टॅकवरून उचलतो आणि स्वतः तिथे जाऊन बसतो. एकच नोड दोन ठिकाणी लागत असेल तर ‘सेट’ची ओळ त्याला एन आणि पुढे काही आकडे-अक्षरं असं तात्पुरतं नाव देते, आणि खाली ‘पुश’ त्याला परत बोलावतो. ही नावं पुढच्या वेळी न्यूक उघडून सेव्ह केलं की बदलतात. नोड जरा बाजूला सरकवला तरी त्याचे एक्स-वाय आकडे बदलतात. म्हणजे तुम्ही फक्त एका ग्रेडचा (रंग-उजेड बदलणाऱ्या नोडचा) गॅमा हलवला तरी डिफमध्ये (दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवणाऱ्या यादीत) पन्नास ओळी लाल-हिरव्या दिसणार. गिटमध्ये ब्रँच मर्ज करताना, म्हणजे वेगवेगळे बदल एकत्र करताना, एक ओळ जरी वरखाली झाली, तरी न्यूकच्या मर्ज नोडच्या (दोन चित्रं एकावर एक ठेवणाऱ्या नोडच्या) ए इनपुटला भलताच नोड येऊन चिकटतो, आणि फाइल कसलीही एरर न देता उघडते. मला याची खरोखर भीती वाटते. चूक दिसते ती थेट डेलीजमध्ये (रोजचं काम सगळे मिळून बघतात तिथे), मोठ्या पडद्यावर.

गिझ्मो (स्वतः बनवलेले नोड), मेनू.पाय, इनिट.पाय (न्यूकच्या सेटिंगच्या फायली), टीमची पायथन टूल्स यांच्यासाठी मात्र गिटच हवं. तिथे मी तुमच्या बाजूचा आहे.

आता माझ्या मते जो खरा मुद्दा आहे, तो. व्हर्जन नंबर बॅकअपसाठी लावतात असं तुम्ही धरून चाललात. तो नंबर माणसं बोलताना वापरतात. सुपरवायझर म्हणतात, ‘व्ही १२ची ग्रेन ठेव, व्ही १५चा लाइटरॅप घे.’ (ग्रेन म्हणजे चित्रातले बारीक दाणे, लाइटरॅप म्हणजे मागचा उजेड कडांवर पसरवणं.) क्लायंटची नोट त्याच नंबरवर येते, ट्रॅकिंगमधली नोंदही त्याच नंबरची. मी एकदा व्ही १२ रेंडरला पाठवून त्याच स्क्रिप्टवर पुढे काम करत राहिलो. तीन आठवड्यांनी निरोप आला, ‘१२च बरी होती.’ रेंडरची फाइल, म्हणजे ईएक्सआर, होती, पण ती ज्या स्क्रिप्टमधून निघाली ती स्क्रिप्ट आता कुठेच नव्हती. मेटाडेटात (फाइलसोबतच्या नोंदींत) नोड हॅश (नोडच्या सेटिंगवरून काढलेला ओळखीचा कोड) मिळाला; हॅशवरून नोड ट्री, म्हणजे नोडची जोडणी, काही परत उभी राहत नाही. एक अख्खा दिवस जुनी आणि नवी फ्रेम शेजारी ठेवून, वाइप (दोन्हींमधली सरकती रेघ) ओढून ओढून जुने आकडे शोधत बसलो. तेव्हापासून राइट नोडचं (रेंडर फाइल लिहिणाऱ्या नोडचं) फाइलनाव मी हातानं टाइप करत नाही, एक्स्प्रेशननं (छोट्या सूत्रानं) स्क्रिप्टच्या नावावरूनच घेतो. स्क्रिप्ट व्ही १३ झाली की रेंडरही आपोआप व्ही १३.

‘कशात काय आहे’ यासाठी स्क्रिप्टच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक स्टिकी नोट ठेवा. ‘व्ही १४: छत्रीचा रोटो नवा, मागची प्लेट तीच, सुपरवायझरची दुसरी नोट बाकी.’ (रोटो म्हणजे हातानं काढलेली बाह्यरेषा, प्लेट म्हणजे मूळ चित्रीकरण.) नंबर वाढवताना एवढी एक ओळ, बस.

तुमच्या त्या साठ फायलींपैकी ज्यांचे रेंडर बाहेर गेले, तेवढ्या जागच्या जागी ठेवा आणि बाकीच्या ‘जुन्या’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकला, पुसू नका. बहुतेक एनके काही शे केबीच्या असतात, जागा खातात ते रेंडर. १९२० बाय १०८०ची, १६ बिट हाफ, चार चॅनलची एक फ्रेम कॉम्प्रेशनशिवाय साडेसोळा एमबीच्या आसपास जाते. २४० फ्रेमचा शॉट म्हणजे एका व्हर्जनला चार जीबी. कुणालाच न दाखवलेले रेंडर आधी काढा.